जुनी टोकं

कोणी ‘मेलेला कोड’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. तो खरंच मेलाय का हे बघायला कोणी गेलेलं नसतं, एवढं मला आता अनुभवाने कळलंय.

मी सोलापुरात घरी बसून सी भाषेची एक लायब्ररी सांभाळणाऱ्या गटात काम करते. लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. प्रोग्रॅम फाइल उघडतो, वेळ विचारतो, ते तिच्या जिवावर. गटातली बाकीची माणसं देशोदेशी विखुरलेली, पगार कोणालाच नाही, मिजास मात्र सगळ्यांना. मलाही आहे. माझ्याकडे थ्रेडचा भाग आहे. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी दोन-चार कामं चालतात, त्यातल्या प्रत्येकाला थ्रेड म्हणतात, म्हणजे धागा. विणकराच्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. कॉम्प्युटरच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिम हे धागे एका रीतीने चालवतात, जुन्या दुसऱ्या. जुन्यांची रीत सांभाळणाऱ्या काही फाइली आमच्याकडे होत्या आणि गटाच्या प्रमुखाने त्या काढून टाकायचं ठरवलं. त्याच्या मते त्या लायब्ररीभर पसरल्यामुळे प्रत्येक सुधारणा अडते, आणि असल्या सिस्टिम आता कोणी वापरत नाही.

त्या ‘कोणी’मध्ये माझा थोरला भाऊ येतो. त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आमच्या मागच्या गल्लीत आहे. परदेशातून आलेले वापरलेले माग, त्यांना नक्षी सांगणारी कॉम्प्युटरची एक पेटी आणि त्या पेटीत तीच जुनी सिस्टिम. पेटी बदलावी तर मागाला जोडणारं कार्ड नव्या पेटीत बसत नाही. नक्षीचा प्रोग्रॅम मीच आमच्या लायब्ररीवर लिहून दिलाय. नक्षीच्या फाइली पाठवणारे त्या फाइलींची धाटणी सारखी बदलतात, म्हणून प्रोग्रॅमही सारखा बदलावा लागतो. त्या जुन्या फाइली गेल्या की पुढचा प्रोग्रॅम पेटीवर चालणार नाही, आणि चांगले धडधडते माग भंगारात जातील.

मी कारखान्यात जाऊन त्याला हे सांगितलं. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण चिडलो की दोघंही मराठीवर येतो. तो लगेच मराठीवर आला.

“मेलंय म्हणतात व्हय? सकाळधरनं टॉवेल काढतंय की हितं.”

त्याच दिवशी त्याच्या एका मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला होता. बीम संपला की उभे धागे फणीपाशी कापून टाकत नाहीत. वीतभर टोकं मागावर तशीच ठेवतात. नव्या बीमचा एकेक धागा जुन्या टोकाला गाठ मारून जोडायचा आणि हळूच पुढे ओढायचा. जुना धागाच नव्याला फणीतून पलीकडे नेतो. टोकं आखूड कापली तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून ओवायचे. आमची आई आयुष्यभर अशा गाठी मारायला बसली आणि टोकं आखूड कापणाऱ्याच्या सात पिढ्या तिने तेलुगूत उद्धरल्या. गाठी मारणाऱ्या बायकांपाशी उभी असताना मला तिची फार आठवण आली. रागही आला, पण आता तो कामाला लावायचा हे कळलं.

जुना कोड लायब्ररीभर पसरलाय ही प्रमुखाची तक्रार खरी होती. मला ती मान्य करावी लागली, याचंच जास्त वाईट वाटलं. मग मी तो सगळा गोळा करून एका फाइलीत आणला. बाकी लायब्ररीने खुशाल नव्या रीतीने वागावं. प्रत्येक नव्या कामाची गाठ या फाइलीत जुन्या टोकाला मारली की झालं. कंबर मोडली, पण काम हातावेगळं केलं.

बैठक व्हिडिओवर होती. प्रमुखाने विचारलं, एवढा खटाटोप करून हे वापरणार कोण? मी म्हणाले, माझा भाऊ. दोघे-तिघे हसले. एका माणसासाठी लायब्ररी चालत नसते, असं प्रमुख शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणाच माझ्या डोक्यात गेला.

मी म्हणाले, “मला एक तरी माणूस माहीत आहे. तुम्हाला एकही नाही, कारण तुम्ही कोणाला विचारलंच नाही.”

मग त्याने अट घातली. फाइल राहील, पण प्रत्येक आवृत्ती खऱ्या जुन्या यंत्रावर चालवून पुरावा द्यायचा; नाही दिला तर फाइल जाईल. असलं यंत्र आता कोणाकडे असणार, असं त्याला वाटलं असावं. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भावाने चालू माग थांबवून पेटी माझ्या ताब्यात दिली. प्रोग्रॅमचा एक धागा नक्षी वाचतो, दुसरा ती मागाला सांगतो. माझी गाठ चुकली असती तर नक्षी वाकडी आली असती. काय विणायचं, असं भावाने विचारलं. मी अक्षरं टाइप केली. ती वाचून तो तेलुगूत हसला.

माग सुरू झाला. निळ्या टॉवेलवर पांढरी अक्षरं ओळीने सरळ उतरली: अजून चालू हाय.

त्याचा फोटो मी पुरावा म्हणून पाठवला. प्रमुखाला मराठी येत नाही. मी खाली अर्थ लिहिला नाही. हवा असेल तर या वेळी त्याने विचारावं.