भवानीबाईची डोंगी

भवानीबाईचा नवरा विठोबा गेला, आणि त्याचा तेरावा व्हायच्या आतच रघुजीने त्याची डोंगी, लहानशी होडी, सोडून नेली. सख्खा धाकटा दीर, आणि म्हणे, "दादाची डोंगी आता कोण चालवणार, वहिनी?" भवानीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसांना तिने सांगून पाहिलं, पण बाईमाणसाला डोंगी कशाला, असं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. हे एकोणऐंशी सालचं.

घर खानदेशातल्या भोयांचं. नेमावरला येऊन नर्मदेत झिंगे धरायचं. वीतभर लांबीचे, निळ्या नांग्यांचे झिंगे पलीकडे हरद्याच्या बाजारात हातोहात जायचे. सायकलच्या जुन्या रिमला जाळं ताणायचं, मधोमध माशाचं डोकं बांधायचं आणि डोहात सोडायचं. वर उचलायचं ते एका दमात. हात थबकला की झिंगा पसार. विठोबाने बायकोला हे शिकवलं होतं, आणि रघुजीपेक्षा तिचाच हात साफ होता. पण झिंगे डोहात, आणि डोहात जायला डोंगी लागते. काठावरून टाकलेल्या जाळ्यांत तिला बारीक चिंगळ्या मिळायच्या. डोळ्यांदेखत रघुजी भरली टोपली उतरवायचा.

तीन वर्षं तिने दातओठ खाल्ले.

घाटावरच्या नावाड्यांचा एक नियम होता. दुसऱ्याचं जाळं उचललं तर आपली डोंगी गेली, जाळेवाल्याला मिळाली. साक्षीपुरावा नाही, आरोप करणाऱ्याने ओंजळीत नर्मदेचं पाणी घेऊन बोलायचं, बस. पाणी घेऊन खोटं बोललेला माणूस त्या घाटावर कुणी पाहिला नव्हता.

एका सकाळी रघुजी डोंगी बांधून चहाला गेला. भवानीबाईने आपलं एक जाळं, तिच्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेलं, त्याच्या जाळ्यांखाली सरकवलं आणि मग घाट डोक्यावर घेतला.

घाटावर शब्द चालायचा म्हाताऱ्या उमाशंकर नावाड्याचा. त्याने चिंधी पाहिली. "भवानीबाई, मैया का जल हाथ में लो. फिर बोलो."

तिने पाणी घेतलं.

"रघुजीने माझं जाळं उचललं."

आता बोंबल, ती मनात म्हणाली. ऊर बडव, शपथा घे, आणि कुणी ऐकणार नाही. माझं तरी कुणी ऐकलं होतं? या एका घटकेसाठीच तर तिने तीन वर्षं काढली होती.

रघुजी चिंधीकडे बघत राहिला. "मला तर काही आठवत नाही," तो उमाशंकरला म्हणाला. "पण वहिनी जल घेऊन बोलली ना भिया, तो बात खतम. पहाटेच्या अंधारात माझाच हात चुकला असेल."

त्याने दोर तिच्या हातात दिला आणि वाकून पाया पडला.

भवानीबाईची टोपली भरू लागली. रघुजी दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाऊ लागला. त्याने तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला सुखाची झोप लागली असती. पण हा बाबा घाटावर भेटेल त्याला आपणहून सांगायचा, विधवा वहिनीचं जाळं मी उचललं, माझीच बुद्धी फिरली. तिने खरं सांगावं तर हातातली डोंगी जाणार.

एकदा तो नर्मदेला परकम्मा घालणाऱ्या एका साधूला हेच सांगत होता. डोहातून तिला सगळं ऐकू आलं. ती डोंगीत ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "मेल्या, एकदा तरी मला खोटारडी म्हण!"

रघुजीने काठावरूनच हात जोडले. "नाही वहिनी," तो म्हणाला, "आणखी पाप नको."