उचलू नका

घाटंजी तालुक्यात माझ्या मायची बोलणी न खाल्लेला माणूस कुणी दाखवला, तर त्याला मी पोटभर भजी खाऊ घालीन. त्यात कंडक्टर आले, मास्तर आले, दोन सरपंच आले आणि विहाराच्या पायरीशी तिला हात द्यायला धावलेले एक म्हातारे भंतेजीही आले.

लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. घरात ती हातांवर चालते, बाहेर हाताने पेडल मारायच्या तीनचाकीत फिरते, आणि ब्लाउज असा शिवते की बायका चार शब्द ऐकूनही परत तिच्याचकडे येतात. तिचा कायदा एकच : मला उचलायचं नाही. पण आपल्या लोकांना पायरी आणि अपंग बाई एकत्र दिसली की त्यांच्या दंडात भलतंच बळ येतं. एका लग्नात चार उत्साही पोरांनी न विचारता तिला खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. माय वरूनच गरजली, "उतरवा मले! मी का कापसाचं गाठोडं हाय?" त्यांनी मुकाट्याने खाली आणलं. मग नवी साडी खोचून ती हातांवर एकेक पायरी चढली, नवरीला आहेर दिला आणि तशीच उतरली. तोवर फोटोवाल्यासकट अख्खं वऱ्हाड खोळंबून होतं.

एका सरकारी कचेरीत तिच्यासारख्यांसाठी रॅम्प होता, आणि त्यावर साहेबांची मोटारसायकल सावलीला उभी असे. मायने तीनचाकी नेमकी तिच्यामागे लावली आणि पिशवीतला ब्लाउज काढून हुक लावत बसली. दुपारी साहेब बाहेर आले.

"बाई, गाडी काढा. मले जेवाले जायचं हाय."

"मले आत जायचं हाय. सकायपासून."

साहेबांनी तिला उचलून आत न्यायला दोन शिपाई बोलावले. मी तेव्हा दहा वर्षांची, शेजारी उन्हात उभी. पोटात कावळे ओरडत होते, येणारे-जाणारे हसत होते. मी म्हटलं, "माय, उचलू दे ना त्याईले. घरी जाऊ." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना, केस जरा जास्तच ओढत म्हणाली, "तूच उचला म्हनशीन, तं मी कोनाच्या भरवशावर भांडू?"

तेव्हापासून मी भांडतेच आहे. मला पायऱ्या बांधणाऱ्यांचा राग येतो, रॅम्प अडवणाऱ्यांचा येतो, आणि "किती हिंमतवान हो तुमची आई!" म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त येतो. हिंमत कसली डोंबलाची? तिला नुसतं आत जायचं होतं.

सगळं आयुष्य हातांवर पेलून मायचे खांदे आता गेलेत. गेल्या हिवाळ्यात तिला यवतमाळला दवाखान्यात नेलं. तिथेही रॅम्प होता. कुणी मोठे पाहुणे यायचे म्हणून त्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या. आता ही पेटणार, म्हणून मी पदर खोचून तयार. मायने तीन पायऱ्यांकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ते हात माझ्या गळ्यात टाकले.

"उचल वं पोरी."

किती हलकी होती ती! तिला तशीच कडेवर धरून मी चौकीदारावर तोंडाचा पट्टा सोडला. तो घाबरून कुंड्या सरकवायला लागला. माय माझ्या खांद्यावर मान टेकून हळूच म्हणाली, "जाऊ दे ना. त्याची का चूक हाय?"

जन्मात मला तिचा एवढा राग आला नव्हता.