न मोजलेली माणसं

आमच्या छोट्या शहरात विजेवरच्या बस आणायच्या आणि सायकलींसाठी वेगळी वाट करायची असं ठरलं. त्यासाठी नगरपालिकेतर्फे मी सकाळी चौकात उभा राहून येणारी-जाणारी माणसं मोजत होतो. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या एका बाईंना विचारलं, "मावशी, रोज चालतच येता?"

"टेकडीवरची बस बंद झाली तेव्हापासून चालतेच. माझं भागतं हो. पोरीचं कॉलेज तेवढं सुटलं."

ती बस बंद करण्याच्या टिपणावर सही माझीच होती. 'प्रवासी कमी' असं मीच लिहिलं होतं.

"आता नवी बस येईल," मी कसाबसा म्हणालो.

"येऊ दे की. पण पोरगी आता कुठं जाणार? दोन लेकरं आहेत तिला."

मावशी निघून गेल्या. रस्त्यावर दिसतात त्यांचीच मोजणी होते. ज्यांचं येणंच थांबलं, त्यांच्यासाठी माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. तेव्हापासून टेकडीचा रस्ता कितीही मोकळा असला तरी मला तो रिकामा वाटत नाही. वह्या छातीशी धरून एक मुलगी तिथं उभी असते, आणि मला तिचं नावही ठाऊक नाही.