टाक्यापुरतं सूत

अशा सदरांतले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर हसत वाचते. माझं कामच तसं आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. ‘आपोआप झालं’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, तू नक्की काय दाबलंस? अमावस्या, सावल्या, पांढऱ्या साडीतल्या बाया... यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. जे आलं ते भर दुपारी, आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात, लॅपटॉपवर. तेव्हा आता हसायची पाळी तुमची.

आमचं घर आटपाडीपासून थोडं आत, वाडीवर. आबांची मेंढरं आहेत, थोडी डाळिंबं आहेत. गेल्या वर्षी आईच्या अंगावरून वारं गेलं. सांगलीच्या दवाखान्यातून ती चालत घरी आली, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. याच हातानं तिनं जन्मभर टकळी फिरवून लोकर कातली होती. डॉक्टर म्हणाले, हात वापरला नाही तर कायमचा जाईल. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू तिनं कुत्र्याला देऊन टाकला! मी वर्क फ्रॉम होम घेऊन तिच्याजवळ आले आणि रोज तिच्याशी भांडू लागले. भांडण कसलं, भीतीच होती ती. तिनं हात सोडून दिला होता, आणि हळूहळू ती बाकीचंही सोडून देईल असं मला वाटायचं.

दुपारी ती माझा गेम बघत बसायची. माझ्या टीममधल्या साताऱ्याच्या ओंकारनं लावलेलं हे व्यसन. डोंगर पोखरून बुटक्या दाढीवाल्यांची वस्ती वसवायची. शेती करायची, मेंढ्या कातरायच्या, लोकरीचं सूत काढायचं, कापड विणायचं. आणि कुणी जखमी झालं तर टाके घालायलाही तेच सूत लागतं. माझ्या वस्तीतला एक दगडफोड्या पाय फाटून दवाखान्यात पडला होता, आणि कोठारात सूत नव्हतं. कारण मेंढ्याच उरल्या नव्हत्या. मी त्या गुहेत कोंडून ठेवल्या होत्या... आणि गुहेत गवत उगवत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

“धनगराची लेक तू,” आई म्हणाली, “आन् मेंढरं उपाशी मारलीस?”

आबांना हसून हसून ठसका लागला. आई मात्र हसली नाही. ती पडद्यावरच्या दवाखान्यात झोपलेल्या त्या ठिपक्याकडेच बघत होती.

“मरंल का गं आता ते?”

“व्यापारी येईपर्यंत तगला तर वाचेल. त्यांच्याकडं सूत असतं.”

“कवा यायचं ते?”

“अजून लांब आहे. आये, खेळ आहे गं तो.”

“खेळातलं असलं म्हून काय झालं? टाक्यापुरतं सूत न्हाई म्हून मरायचं व्हय कुणी?”

दुसऱ्या दिवशी आबा बाजाराला गेले होते. मला ऑफिसचा कॉल होता. मी गेम पॉज केला, लॅपटॉप आईसमोर तसाच ठेवला आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन आत बसले. कॉल लांबत गेला.

बाहेर आले तर आईच्या उजव्या हातात टकळी. अंगठा आणि बोट मिटलेलं, त्यांच्यामध्ये टकळीचं टोक, आणि टकळी गरगर फिरत होती. मी दारातच खाली बसले आणि रडले. टकळी खुंटीवर असते, लोकर पाटीत. आई चालते, तिनं ती काढून घेतली असेल. हे सगळं मला मान्य आहे.

पण डोळे पुसल्यावर माझ्यातली टेस्टर जागी झाली. पाटीतले लोकरीचे पेळू संपले होते. आईची बोटं लोकरीनं तेलकट झाली होती. आणि टकळीवर सूत नव्हतं. मी वाकळ झटकली, पाटी उपडी केली, कुत्र्याची जागाही बघितली. कुठंच नव्हतं.

मग पडद्याकडे लक्ष गेलं. गेम पॉजच होता, त्यातली तारीखही मी थांबवला तेव्हाचीच. पण कोठारात सुताची एक गुंडी होती. मेंढीची लोकर, काळी. माझ्या मेंढ्या होत्या तेव्हाही पांढऱ्या होत्या... काळ्या आहेत त्या आबांच्या.

“आये, तू काय दाबलंस?”

“म्या कशाला दाबू? मला काय कळतंय त्यातलं?”

“मग सूत कुठं गेलं?”

“त्याला लागत हुतं. दिलं.” शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशा सुरात ती म्हणाली. “आता बघत काय बसलीस? त्याला टाकं घाल की.”

मी पॉज काढला. वस्तीतल्या वैद्यानं ती गुंडी उचलली आणि दगडफोड्याला टाके घातले. तो उठून उभा राहीपर्यंत आईनं मला जागचं हलू दिलं नाही.

ओंकारला गेमची फाइल पाठवली. त्याचा पहिला प्रश्न, “मॉड टाकलंस का?” म्हणजे गेम बदलणारं बाहेरचं काही घातलंस का. दुसरा, “खरंच नाही ना टाकलंस?” सगळा रविवार घालवून तो म्हणाला, “अगं, तुझ्या वस्तीत लोकर यायला वाटच नाहीये.” आधी सेव्ह केलेल्या फाइलवरून मी तीच दुपार पुन्हा पुन्हा चालवली. दरवेळी कोठार रिकामं.

हाताचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मनानं घेतलं की बोटं ऐकतात, होतं असं कधी कधी. ते मला पटतं. सुताचं मात्र मी त्यांना विचारलं नाही.

आई आता रोज कातते. सूत कुठं जाड, कुठं बारीक येतं, पण घोंगड्याला चालेल असं आबा म्हणतात. संध्याकाळी टकळी खुंटीला लावताना ती वीतभर सूत तोडून लॅपटॉपशेजारी ठेवते. लागलं कुणाला तर असावं म्हणून. परवा वस्तीत एकाचा हात कापला. आता माझ्या मेंढ्या बाहेर गवतावर चरतात, कोठारात सुताचा ढीग आहे. तरीही मी ते वीतभर सूत उचललं आणि लॅपटॉपच्या आणखी थोडं जवळ ठेवलं.