काचेमागचा आवाज

मेंदूच्या नसेत चरबीचं कीट साचलंय, असं डॉक्टर म्हणाले. ते वाढतं का हे पाहायला दर सहा महिन्यांनी मी धंतोलीत एमआरआय काढायला जायचो. तिथं मशीन चालवणारा माणूस चाळिशीचा, टक्कल पडलेला. हात एकमेकांवर घासून ऊन करायचा आणि मगच माझी कंबर चाचपायचा.

“अडकित्ता काहून लपवला जी बाबाजी? मशीन ओढून घेते ना!”

“कोराडीच्या वीज कारखान्यात तीस वर्षं मशिनीच चालवल्या म्या. मले नको शिकवू.”

तो हसून अडकित्ता काढून घ्यायचा. मग काचेमागून माझ्या कानावरच्या हेडफोनात बोलायचा, “हलू नका, बाबाजी. आता चार मिनिटं. शाबास. आता पाच.” हललो तर नसेची भिंत फोटोत पुसट येते, म्हणे. घरी मी एकटाच. इतक्या मायेनं माझ्याशी कोणी बोलत नाही. मशीनची ती खडखड थांबूच नये, असं वाटायचं.

मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, कीट वाढलं नाही, आता फोटो नको. मी त्या मशीनवाल्याला सांगायला गेलो. त्यानं आनंदानं माझे दोन्ही हात धरले.

मी म्हणालो, “डोकं दुखते म्हणून सांगू का डॉक्टरले?”

“खोटं काहून बोलता जी? तसेच या ना कधी चहा प्यायले.”

कधी, म्हणाला. वार सांगितला नाही. वार न सांगता बोलावलं तर मी सख्ख्या भावाकडेही जात नाही. रोज सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसतो. पण जात नाही.