पिठातला घाट

युरोपात दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या महिन्यात, मंगळवारी दुपारी, माझे यजमान भोरला आमच्या घरी वारले.

त्यांच्या दहाव्याच्या सकाळी मी जे पाहिलं, ते आज लिहिते आहे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. अंगात येणं, कौल लावणं, दृष्ट... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण या सदरातले इतरांचे अनुभव वाचताना दर वेळी वाटायचं, आपलंही एक सांगायचं राहिलं आहे.

हे भोर संस्थानात रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. वेल्ह्याकडच्या खेड्यात जन्मले, घरात पहिले शिकलेले. रस्ते, मोऱ्या, घाटाची वळणं यातच त्यांचा जीव. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की युरोपात मोटार भाड्याने मिळते आणि आठवडाभरात माणूस तीन देश हिंडून येतो. त्या दिवसापासून आमची आखणी सुरू झाली. पासपोर्ट कसा दिसतो हे आम्ही पाहिलं नव्हतं. तरी आखणी खोटी नव्हती. मी शाळेतून ॲटलास आणायची. तो शाळेचा, त्यावर रेघ मारता येत नसे. म्हणून संध्याकाळी मी तांदूळ निवडायला बसले की हे शेजारी बसत, सुपातले तांदूळ सारखे करत आणि बोटाने रस्ता काढत. फ्रान्सच्या हद्दीवरून निघायचं, जिनिव्हाच्या सरोवराच्या काठाने कमानीसारखं वळायचं, मग सिंप्लनचा घाट चढून पलीकडे इटलीत उतरायचं. घाटापाशी त्यांचं बोट फार सावकाश चाले. प्रत्येक वळण काढायचे. मिलानला पोचलं की म्हणायचे, “इथून माघारी. आठवडा संपला.”

मला व्हेनिस पाहायचं होतं.

शेवटच्या वेळी ते मिलानला थांबले, तेव्हा मीच बोट टेकवलं आणि रेघ सरळ उजवीकडे सुपाच्या काठापर्यंत नेली. हे हसले. “अगं, तिथं रस्ते पाण्याचे. ओव्हरसियरचं तिथं काय काम?” म्हणत त्यांनी सूप हलवलं. तांदूळ पुन्हा सारखे झाले. मी रुसले. तेव्हा म्हणाले, “बरं, फिरतीवरून आलो की बघू.”

फिरतीवरून ते बैलगाडीतून आले, तापात. विषमज्वर होता. व्हेनिसचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

आमच्याकडे रीत अशी, की जिथे जीव गेला ती जागा सारवून तिथे पीठ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली पालथी घालतात. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलून बघतात, पिठात कशाची पावलं उमटली. ज्याची पावलं, त्या जन्माला माणूस गेला असं समजतात. माझा विश्वास नव्हता, म्हणूनच आदल्या संध्याकाळी तांदळाचं पीठ मी स्वतः वस्त्रगाळ करून पसरलं. एकसारखं, कोऱ्या पाटीसारखं. मुंगी आली तर मुंगी दिसावी, उंदीर आला तर उंदीर. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या रात्रभर त्या टोपलीपाशी बसून होत्या. त्यांचा हा एकुलता एक.

सकाळी चुलत सासूबाईंनी, आमच्या काकींनी, टोपली उचलली. वाकून पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

“साप हाय गं. ही बघ वळवळ.”

आत्याबाईंना नीट दिसत नसे. “काय म्हनतीस?”

“सापाच्या जन्माला गेला. काय तरी इच्छा ऱ्हायली पोराची.”

आत्याबाई रडल्या नाहीत. त्या भिंतीला टेकल्या आणि एवढंच म्हणाल्या, “लोक काठीनं मारतील की गं त्येला...”

मी पुढे होऊन पाहिलं. पिठात पाऊल एकही नव्हतं. एकच रेघ होती, बोटाच्या रुंदीची. डावीकडे कमान. मग आखूड आखूड वळणं, एकाखाली एक. वळणं संपली की रेघ सरळ झाली होती आणि उजवीकडे पिठाच्या कडेपर्यंत गेली होती. मिलानपाशी थांबली नव्हती.

हा रस्ता आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. सांगायची लाज वाटायची. पण आत्याबाईंचा चेहरा बघवेना.

“आत्याबाई, साप नाही हा. रस्ता आहे. आम्ही दोघं मोटारीनं जाणार होतो, त्याचा.”

काकी म्हणाल्या, “मास्तरीणबाई, पिठात बी तुमास्नी भूगोल दिसाया लागला व्हय?”

आत्याबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. सरकत जवळ आल्या. “नीट सांग. ही वळनं कसली?”

“घाट आहे. फार मोठा. बर्फातला.”

“आपल्या वरंध्याच्या घाटावानी?”

“त्याहून मोठा.”

“आन हितं? कडंला काय हाय?”

“पाण्यातलं गाव आहे. तिथं मला जायचं होतं. ते नको म्हणत होते.”

आत्याबाईंनी वाकून रेघेची कड डोळ्यांजवळून पाहिली. मग म्हणाल्या, “मंग तुज्यासाटनं वाट बगाया गेला आसंल. आदी जाऊन सडक बगायची, मागनं गाड्या सोडायच्या. त्येचं कामच हुतं त्ये.” आणि मग त्या रडल्या. हे गेले त्या मंगळवारपासून पहिल्यांदा.

ते पीठ काकींनीच नदीत सोडलं. पुन्हा सापाचं नाव त्यांनी काढलं नाही.

नंतर मी खूप विचार केला. झुरळ असेल, गोम असेल, टोपलीच्या काड्यांमधून वारा आला असेल. पुढे कित्येकदा, कुणाला न सांगता, त्याच जागी तसंच पीठ पसरून तीच टोपली घालून पाहिली. झुरळाचे ठिपके उमटले. उंदराची शेपटी ओढलेली दिसली. एकदा काहीच नाही. तशी रेघ पुन्हा कधी आली नाही. माझ्याच दुःखाने मला ती तशी दिसली असेल, असंही म्हणून पाहिलं. पण वळणं आधी काकींना दिसली होती, आणि काकींना युरोप ठाऊक नव्हता.

युद्ध संपायच्या आधीच आत्याबाई गेल्या. शेवटपर्यंत कुणी मुलाचं विचारलं, की त्या म्हणायच्या, “फिरतीवर हाय.” त्यांच्या वेळी टोपली ठेवायची का, असं काकींनी विचारलं. मी नको म्हटलं.

आता युरोपातल्या त्या रस्त्यांवर पुन्हा मोटारी जात असतील. मला याचा उलगडा झालेला नाही. ॲटलास शाळेत आहे, सूप घरात आहे, आणि तांदूळ मी एकटी निवडते.