सुट्ट्यांची सावड

माझी नोकरी म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. सरकार धोरण आखतं, आणि त्या धोरणातून खाली गावात काय उगवलं, ते आमची कंपनी अहवालात लिहून देते. त्या वर्षी विषय होता ‘सेवा क्षेत्रातील नवोन्मेष’. हॉटेलं, दवाखाने, वाहतूक, म्हाताऱ्यांची देखभाल अशी देशभर जी सेवेची कामं चालतात, त्यांत कुणी नवी युक्ती काढली असेल तर सरकार तिला हात देणार होतं. अशा युक्त्या शोधायच्या आणि अर्ज भरून घ्यायचे, एवढं माझ्याकडे होतं. दोन महिने मी तालुके पालथे घातले. धड काही सापडेना. आणि युक्ती माझ्या शेजारीच, घरमालकिणीच्या ओसरीवर शेंगा सोलत बसली होती.

मी आणि आई तेव्हा घोटावड्याजवळच्या एका वाडीत दोन खोल्या घेऊन राहत होतो. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला धरून चालवावं लागे, आणि मधूनच तिला वार-वेळ आठवत नसे. तिची सून हिंजवडीत एका ऑफिसात साफसफाईच्या कामावर होती. सकाळी साडेसहाला तिला न्यायला कंपनीची गाडी यायची. बाई कामाला वाघ. आठ वर्षांत तिनं एकही खाडा केला नव्हता आणि आता तिला सुपरवायझर करणार होते. त्या आळीत अशी सहा घरं. सहाही घरांतल्या बायका बाहेर कामाला आणि सहाही घरांत एकेक म्हातारं माणूस.

त्यांनी काय केलं होतं, तर आपापल्या ठिकाणी भांडून साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी मागून घेतल्या होत्या. पिरंगुटच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारीची सुट्टी गुरुवारी, कॅन्टीनमधलीची मंगळवारी, हिची बुधवारी. ज्या दिवशी जिची सुट्टी, त्या दिवशी सगळी म्हातारी माणसं तिच्या ओसरीवर. तीच त्यांना जेवू घालणार, मोरीत नेणार, गोळ्या देणार. रविवारी पोरं घरी असायची. ह्याला त्या सावड म्हणायच्या. भाताच्या आवणीला आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या, अशी जी मदत चालते ना, तीच ही. खाचरं बरीचशी प्लॉटिंगमध्ये गेली, सावड तेवढी राहिली.

आम्ही भाडेकरू, आमचा त्यात काही संबंध नव्हता. पण एका मंगळवारी कॅन्टीनवाली दारात आली. ‘‘आजी एकल्याच बसत्यात, द्या की पाठवून,’’ म्हणाली. माझी आई दिवसभर माझ्याशी वाद घालणारी, ती तिथे पत्ते कुटायला लागली आणि संध्याकाळी चक्क हसत घरी यायला लागली. मी एकदा ‘मला कुठला वार?’ असं विचारलं. ‘‘तुमी नगा धरू वार, तुमाला मिटिंगा असत्यात,’’ असं त्या म्हणाल्या, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. फिरती नसेल तेव्हा घरात बसूनच काम करणारी मी. एक वार मला सहज धरता आला असता. ते मनाला टोचत होतं, म्हणून मला वाटलं, आपण ह्यांचा अर्ज भरू. आपल्या हातून होण्यासारखं तेवढंच आहे.

त्यांना फार काही नको होतं. एक चाकांची खुर्ची, धरायला दांडा असलेला संडास, आणि आठवड्यातून एकदा नर्स.

‘‘पर नवं काय हाय ह्यात?’’ सुनेनं विचारलं. ‘‘आमच्या सासवा हेच करत व्हत्या.’’

‘‘ते तुम्ही बोलू नका, मी लिहिते,’’ मी म्हणाले. केवढा तो आगाऊपणा!

अर्जात एक रकाना होता. नवकल्पनेच्या प्रवर्तकाचं नाव. आणि खाली बारीक अक्षरात : एकाच व्यक्तीचं. मी सहाजणींना विचारलं, ही कल्पना मुळात कुणाची? त्या एकमेकींकडे बघून हसल्या. ‘‘सावड काय कुणाची असती व्हय?’’ पॅकिंगवाली म्हणाली. खरं तर मी तिथेच पेन खाली ठेवायला हवं होतं. मला वरच्या ऑफिसात फोन करून सांगता आलं असतं, की तुमचा रकाना चुकीचा आहे. त्यासाठीच तर मला पगार मिळतो. पण मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि रकाना रिकामा राहिला तर संगणक अर्ज पुढे सरकू देत नव्हता. मी घरमालकिणीच्या सुनेचं नाव घातलं. ती नको नको म्हणत होती. ‘‘अहो, कागदापुरतं,’’ मी म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. साहेब गाडी घेऊन पाहणीला आले. ओसरीच्या वर फ्लेक्स लागला, त्यावर सुनेचा एकटीचा फोटो आणि खाली ‘संचालिका’. शाल, श्रीफळ, टाळ्या. साहेबांनी बाकीच्या पाचजणींकडे हात करून विचारलं, ‘‘आणि ह्या तुमच्या सेविका?’’ सून गडबडली. मीही तोंड उघडलं नाही. साहेबांना चारचौघांत कसं दुरुस्त करायचं, ह्या विचारात मी होते, आणि तेवढ्यात ते चहाकडे वळले.

गाडी गेल्यावर पॅकिंगवाली हसत हसतच म्हणाली, ‘‘आमी तुज्या सेविका व्हय गं?’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, थट्टा आहे.

पुढच्या गुरुवारी तिच्या घरी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिला माहेरी जायचं होतं. मग कॅन्टीनवालीनं सरळच विचारलं, संचालिकेनं आता सेविकांना पगार किती धरलाय. पगार कुठून येणार? आले होते ते फक्त खुर्ची आणि दांडा. पण कागदावर एकीचं नाव होतं, म्हणजे आतून काहीतरी असणारच, असं आळीत सगळ्यांच्या मनात बसलं. सून एकेकीच्या दारात जाऊन आली. दोन महिन्यांत ओसरी रिकामी झाली. चाकांची खुर्ची आली ती प्लास्टिकसकट कोपऱ्यात उभी राहिली. सुपरवायझर व्हायला पंधरा दिवस उरले असताना सुनेनं नोकरी सोडली.

आणि मी काय केलं? मी अहवालात ह्या वाडीची यशोगाथा लिहिली. ती आधीच लिहून झाली होती, हे खरं. पण घरूनच, ऑनलाइन मिटिंगमध्ये दिल्लीच्या लोकांपुढे ती वाचून दाखवायच्या वेळेला सावड मोडलेली मला माहीत होती, तरी मी वाचली. भिंतीपलीकडे आई एकटीच पत्ते पिसत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी माझी लाज वाटली आणि तरीही मी आभार मानले.

महिनाभर मी सुनेची नजर चुकवली. मग एका दुपारी न राहवून गेले. ती सासूची नखं कापत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. तुमचं चांगलं चाललेलं मी मोडलं, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली, मला माफ करा. तिनं मान वर केली नाही.

‘‘तुमी वाइटासाठी न्हाई केलं, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी इचारलं, हे कुणाचं हाय. मंग आमीबी इचाराय लागलो.’’

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणाले, मी आता रिकामी आहे, कुठलाही वार द्या, मी बसते तुमच्या सासूबाईंपाशी. ती नुसती हसली.

तेवढ्यात म्हातारीनं हात सोडवून घेतला आणि पदर नीट करून उठायला लागली.

‘‘आज कुणाकडं जायाचं गं?’’

‘‘आज आपल्याकडंच हाय, आत्या.’’

म्हातारीनं रिकाम्या ओसरीकडे बघितलं.

‘‘कालबी आपल्याकडंच व्हतं की,’’ ती म्हणाली.